डायटचं उद्यापन

माणसाचं वजन ही त्याची खाजगी बाब आहे, असा एक समज आहे. तो साधारणपणे गणपतीपर्यंत टिकतो. पुढे सण असे एकामागून एक येतात की वजन ही आधी घरगुती, मग सामाजिक आणि शेवटी सार्वजनिक बाब होते. आणि एखादी बाब सार्वजनिक झाली की तिला समिती लागते.

हैदराबादेतल्या आमच्या विद्यानगर महाराष्ट्रीय स्नेहसंवर्धक मंडळाला ही गरज गेल्या वर्षी भाद्रपदात जाणवली. गणेशोत्सव संपला की मंडळाचा सामुदायिक फोटो निघतो. फोटोग्राफर सगळ्यांना चौकटीत घ्यायला मागे सरकू लागला. तो फाटकापर्यंत गेला, फाटकातून रस्त्यावर गेला, समोरच्या बेकरीच्या पायरीवर चढला, तरी डावीकडचे सहसचिव बाहेरच राहत होते. (सदस्य वाढलेले नव्हते. उलट एक जोडपं मुलाकडे अमेरिकेला गेलेलं होतं.) अध्यक्ष प्रतापराव गंभीर झाले. त्यांचं सुलतान बाजारात साड्यांचं दुकान आहे आणि कापड कुठे कमी पडणार हे त्यांना लांबून कळतं. त्याच आठवड्यात सभा होऊन "सणासुदीच्या काळातील देहभार-नियंत्रण उपक्रम" एकमताने मंजूर झाला. मुदत घटस्थापना ते संक्रांत. सभेनंतर मिरची भजी होती.

मी या मंडळाचा ग्रंथपाल. म्हणजे वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. एवढ्यावरून स्वतःला ग्रंथपाल म्हणवून घ्यावं का, याची मला अजून खात्री नाही. मी जन्मापासून किडकिडीत आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, पण मंडळात तसं मानलं जातं. "वसंतरावांना कसं जमतं ते पाहा," असं लोक म्हणतात. माझी पत्नी सुनंदा म्हणते, "त्यांना काहीच जमत नाही. खाल्लेलं अंगी लावणंसुद्धा." दोन्ही मतांत तथ्य असावं.

वाचनालय मंडळाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. खाली सभागृह, मागे स्वयंपाकघर आणि भांड्यांची खोली. पुस्तकं फार नाहीत, पण दिवाळी अंक पुष्कळ. हे अंक वाचकांकडून परत आले की मी प्रत्येक पान पाहून घेतो, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. पाककृतींची पानं कोरी करकरीत परत येतात. तेलाचे डाग सर्वांत जास्त असतात ते वजन कमी करण्यावरच्या लेखांवर. (मी यातून काही निष्कर्ष काढलेला नाही. निष्कर्ष काढणं माझ्या स्वभावात नाही.)

वाचनालयाचे नियमित वाचक दोन. त्यांतला एक मी, त्यामुळे हणमंतराव हे आमच्या वाचकवर्गाच्या पन्नास टक्के भरतात, आणि मला वगळलं तर शंभर. हणमंतराव बिदरकडच्या शेतकरी घरातले, वीज खात्यातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी यायचे, माझ्यासमोर बसायचे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याशी भांडायचे. मला भांडता येत नाही. त्यामुळे आमच्या दोघांच्या वाटचं ते एकटे भांडत. दिवसभरात माझ्याशी कुणी एवढं बोलत नसे.

त्यांचा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संक्रांतीला आठ किलो कमी होऊन या, गुडघा बदलून देतो. नाही तर नवा गुडघाही जुन्याच्याच वाटेने जाईल. हणमंतराव जिन्याची पायरी दोन्ही पाय टेकवून चढत. म्हणजे मंडळाच्या इतर सदस्यांना वजन फोटोत मावण्यासाठी कमी करायचं होतं आणि हणमंतरावांना वाचनालयात येण्यासाठी. ठरावात असा भेद केलेला नव्हता.

त्यांची सून माधवी कुकटपल्लीला राहते आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी ती सासऱ्यांसाठी आठवड्याचा आहार ठरवून द्यायची: उकडलेला दोडका, उकडलेला भोपळा, आणि बदल म्हणून दोन्ही एकत्र. एका रविवारी ती जिना चढून वर आली.

"काका, बाबा तुमचं ऐकतात. मंडळात काय खातात ते जरा वॉच करा ना. प्लीज. एट केजी आहेत, फार नाहीत."

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही. हा या हकीकतीतला मध्यवर्ती मुद्दा असून तो पुढे पुन्हा येईल.

घटस्थापनेला उपक्रम सुरू झाला. प्रत्येक कुटुंबाने आपापलं डायट निवडायचं होतं. प्रतापरावांनी कीटो घेतला. त्यात भात, पोळी, साखर वर्ज्य आणि तूप, लोणी, पनीर यांना मुभा. प्रतापरावांनी तुपाचा भाग तातडीने अमलात आणला आणि वर्ज्याचा भाग टप्प्याटप्प्याने राबवायचं ठरवलं. खजिनदार त्रिवेणीबाईंनी घड्याळाचं डायट घेतलं. त्यात दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खायचं असतं. बाई नियमाच्या पक्क्या. त्या बाराला बसत आणि आठला उठत. हणमंतरावांच्या पत्नी तारामतीवहिनींनी द्रव आहार घेतला: ताक, सार, कढी, मग खीर, मग बासुंदी. बासुंदी आटून घट्ट झाली तर ती द्रव धरावी की घन, हा प्रश्न आला तेव्हा तो माझ्याकडे पाठवण्यात आला, कारण माझ्याकडे पुस्तकं असतात.

"मुळात ती द्रवच होती," मी म्हणालो. हे खरंच होतं. पण तो निर्णय समजण्यात आला.

त्यानंतर प्रश्न येतच राहिले. ज्यांचा नवरात्राचा उपास होता त्यांना साबुदाणा चालत होता आणि कीटोला शेंगदाणा. मग दोन्ही पाळणाऱ्याला खिचडी अर्धी चालते की पूर्ण? समोर दुसऱ्याच्या डायटचा पदार्थ आला तर तेवढ्या घासापुरतं डायट बदलता येतं का? मी प्रत्येक वेळी "पाहावं लागेल" म्हणत असे. मंडळात "पाहावं लागेल" याचा अर्थ हो असा धरतात. घटनेतच तसं आहे की काय, कोण जाणे.

दसऱ्यानंतर चार-दोन दिवसांनी तारामतीवहिनी वाचनालयात आल्या.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. डायट धरलंय खरं. पण सोडायचं कसं?"

"सोडायचं म्हणजे?"

"म्हणजे आता सोळा सोमवार धरले की त्याचं उद्यापन असतं. मार्गशीर्षातले गुरुवार धरले की उद्यापन असतं. उद्यापनावाचून व्रत टाकलं तर फळ तर नाहीच, उलट बाधतं म्हणतात. मग ह्याचं काय?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी चष्मा पुसला. वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या हातात बासुंदीचा डबा होता आणि चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती.

"असावं," मी म्हणालो. "म्हणजे, धरलेल्या गोष्टीचं उद्यापन करावं असा प्रघात आहे खरा. पाहावं लागेल."

संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर निरोप फिरला: "वसंतराव म्हणतात, उद्यापन केल्याशिवाय डायटचं फळ मिळत नाही. ग्रंथात आहे." कोणत्या ग्रंथात, असं कुणी विचारलं नाही. मीच आठवडाभर कपाटं शोधत होतो, कुठेतरी सापडेल या आशेने. (सापडलं नाही. पण आमचे बरेच ग्रंथ वाचकांकडे अडकलेले आहेत, हेही विसरता येत नाही.)

पहिलं उद्यापन प्रतापरावांनी केलं. उद्यापन म्हटलं की मेहुण आलं, म्हणजे पाटावर बसवून जेवू घालायला नवरा-बायकोची जोडी. प्रतापरावांनी एक न बोलावता सात मेहुणं बोलावली, कारण अध्यक्ष एका मेहुणावर भागवतो असं कुणी म्हणायला नको. आणखी एक जुना रिवाज त्यांनी काटेकोर पाळला. चातुर्मासात जो पदार्थ सोडला असेल तो शेवटी दुसऱ्याला द्यायचा असतो. प्रतापरावांनी डायटमध्ये जे जे सोडलं होतं ते सगळं त्या दिवशी पानात होतं: पुरणपोळी, मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, आणि हैदराबादेत कुठलंही कार्य ज्याच्यावाचून पुरं होत नाही तो पावाचा डबल का मीठा. यातून एक सिद्धान्त आपोआप सिद्ध झाला की डायट जितकं कडक, तितका उद्यापनाचा बेत भरगच्च. त्या दिवसापासून मंडळात लोक फार कडक डायट धरू लागले.

जेवायला गेलेल्यांनाही आता आपापली उद्यापनं करून बोलावणं फेडणं भाग होतं. घरात पानं मावेनात म्हणून उद्यापनं मंडळाच्या सभागृहात होऊ लागली. मोठी पातेली भांड्यांच्या खोलीत होतीच. दिवस अपुरे पडू लागले तेव्हा डायटची मुदत कमी करावी लागली. आधी पंधरवडा होता, मग आठवडा झाला. काही व्रतं सकाळी धरून संध्याकाळी सोडतात, हे त्रिवेणीबाईंनी दाखवून दिलं, आणि दिवाळीनंतर एकदिवसीय डायट सर्वमान्य झालं. खुद्द त्रिवेणीबाई नाश्त्याला संकल्प करून दुपारच्या जेवणाला उद्यापन करीत. एवढं शिस्तीत चाललेलं काम मी आमच्या मंडळात पूर्वी पाहिलेलं नव्हतं. एरवी आमच्याकडे पंखा दुरुस्त व्हायला दोन उन्हाळे लागतात.

वजनं मात्र वाढत होती. मंडळाने वजनासाठी रद्दीवाल्याचा काटा कायमचा मागून घेतला होता. त्यावर जुनी वर्तमानपत्रं नेहमी कमी भरत, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा होता. तोच काटा आता माणसं जास्त दाखवू लागला तेव्हा प्रतापराव माझ्याकडे आले.

"वसंतराव, मेहुण जेवतं ते कुणासाठी?"

"यजमानासाठी," मी म्हणालो. "पुण्य यजमानाला लागतं."

"पुण्य यजमानाला. मग वजन कुणाला?"

मी गप्प राहिलो. मला काही सुचलं नाही म्हणून मी गप्प राहिलो होतो. पण विद्वान माणूस गप्प राहिला की त्याचा वेगळा अर्थ घेतात, आणि मी विद्वान नाही हे सांगायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

अशा रीतीने "निव्वळ वजन" ही संकल्पना अस्तित्वात आली. काट्यावरच्या वजनातून दुसऱ्यांच्या उद्यापनांत खाल्लेलं वजा करायचं, कारण ते तत्त्वतः यजमानांचं. मग उरेल ते आपलं. पद्धत सोपी होती आणि तिने ताबडतोब गुण दाखवला. कार्तिकात मंडळाचं ढोबळ वजन बारा टक्क्यांनी वाढलं आणि निव्वळ वजन चाळीस टक्क्यांनी घटलं. चंपाषष्ठीपर्यंत त्रिवेणीबाई हिशोबाने आपल्या शाळकरी नातीएवढ्या झाल्या. सहसचिवांचं वजन शून्याच्या खाली गेलं, त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला. (शाल पुरली नाही.)

हे वजा केलेलं वजन नेमकं कोणत्या यजमानाच्या नावावर चढवायचं, हे ठरवायला एक उपसमिती नेमली होती. तिची बैठक होऊ शकली नाही. सदस्य जेवायला गेलेले असत.

या सगळ्या काळात सर्वांत जास्त बोलावणं हणमंतराव-तारामतींना होतं. ज्येष्ठ मेहुण, पन्नास वर्षांचा संसार, शिवाय हणमंतराव पानात काही टाकत नाहीत. अशा जोडीला बोलावलं की यजमानाला समाधान वाटतं. दसऱ्याला ते जिन्यात एकदा थांबून वर आले होते. दिवाळीत मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवावी लागली. कार्तिकाच्या शेवटी ती खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी आली आणि तिथेच राहिली.

मी वर, ते खाली. संध्याकाळी गॅलरीखालून आवाज यायचा.

"काय वाचूलालाव, वसंतराव?"

"अग्रलेख."

"जरा मोठ्यानं वाचा. मला काय दुर्बिणीनं ऐकू येतंय का?"

मी गॅलरीत उभा राहून अग्रलेख वाचू लागलो. माझा आवाज बसमध्ये कंडक्टरलाही ऐकू जात नाही, म्हणून मी आयुष्यभर पुढच्या थांब्यावर उतरत आलो आहे. आता मी रस्त्यावर ओरडून अर्थव्यवस्थेची मीमांसा वाचत होतो. खाली हणमंतराव प्रत्येक वाक्याशी भांडत होते, आणि रिक्षावाले थांबून कुणाचं भांडण आहे ते पाहत होते. समोरचा बेकरीवाला हणमंतरावांना चहा आणि उस्मानिया बिस्किटं पाठवू लागला. "बुजुर्ग आदमी है, कितना सुनना पड़ रहा बिचारे को," असं तो सुनंदाला म्हणाला.

बिस्किटं कुणाच्या निव्वळ वजनात धरायची, हे मी विचारलं नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात हणमंतरावांना डॉक्टरांकडे जायचं होतं. प्रतापरावांनी मंडळाच्या शिक्क्यानिशी एक प्रमाणपत्र दिलं. त्यात त्यांचं ढोबळ वजन, निव्वळ वजन आणि "सदर सदस्याची प्रगती अनुकरणीय आहे" असा शेरा होता. डॉक्टरांनी प्रमाणपत्र पाहिलं, हणमंतरावांकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःच्या काट्यावर उभं केलं.

त्या संध्याकाळी माधवी वर आली. ती हणमंतरावांच्या खुर्चीच्या जागी, म्हणजे आता रिकाम्या असलेल्या जागी, एक स्टूल ओढून बसली.

"काका. प्लस सिक्स."

"निव्वळ?" माझ्या तोंडून गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टर म्हणाले, आता स्टेअर्स टोटली बंद. होळीपर्यंत बघतील, नाही तर ऑपरेशन कॅन्सल. बाबा कारमध्ये काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, वसंतरावांना सांग, थंडीत गॅलरीत उभं राहू नका, घसा बसेल. नुसता पेपर खाली पाठवत जा." मग म्हणाली, "तुम्ही वॉच करणार होतात ना, काका?"

मी केलं होतं. नीट, लक्षपूर्वक पाहिलं होतं.

भोगीच्या दिवशी तिळगूळ-समारंभ आणि आढावा-सभा एकत्र होती. मंडळाच्या सभेत मी यापूर्वी एकदाच बोललो होतो, आणि तेव्हा "खिडकी लावू का" असं विचारलं होतं. या खेपेला मी उभा राहिलो. हणमंतराव मागे दाराजवळ बसले होते.

"उद्यापनाची काही गरज नव्हती," मी म्हणालो. "डायट हे व्रत नव्हे. ग्रंथात असं काही नाही. मी पाहिलं."

गॅलरीच्या सवयीने आवाज फारच मोठा निघाला. सगळे माझ्याकडे वळले.

"नव्हे?" प्रतापराव म्हणाले. "मग एवढी उद्यापनं झाली ती काय होती?"

"जेवणं."

"आणि ते वजन?" त्रिवेणीबाईंनी विचारलं.

"ज्याचं त्याचं."

बाईंचा हात नकळत पोटावर गेला. सभागृहात कुणीही जागचं हललं नाही. इतके महिने दुसऱ्याच्या नावावर ठेवलेलं वजन एकाच क्षणी मालकांकडे परत आलं होतं. एक प्लॅस्टिकची खुर्ची वाजली, तो योगायोग असावा.

"भाऊजी, चार महिन्यांचं पुण्य एका शब्दात घालवलंत," तारामतीवहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ग्रंथपालांचं विधान इतिवृत्तातून वगळावं, अशी सूचना आली. तिला अनुमोदनही मिळालं. ग्रंथपालांनी प्रायश्चित्त म्हणून सर्वांना जेवण द्यावं, अशी उपसूचना येत होती, तेवढ्यात मागून हणमंतराव बोलले.

"थांबा की जरा. त्यांनी नवं काय सांगितलं? मला तर पहिल्या पुरणपोळीपासून ठाऊक होतं. वीज खात्यात होतो मी. मीटर ज्याच्या घरात फिरतो, बिल त्यालाच येतं. ते शेजाऱ्याला पाठवा म्हणून बरेच जण माझ्याकडं येऊन गेले."

"मग जेवायचं कशाला?" वहिनींनी तिथल्या तिथे विचारलं. "मला कधी बोलला नाहीत ते."

"घरी काय होतं, तारा? दोडका. तो समोर घेऊन एकटा बसलो की गुडघ्याशिवाय दुसरा विचार नाही. इकडं पंधरा माणसांत पाटावर बसवत होते, हणमंतराव आणखी एक घ्या म्हणत होते. चार महिन्यांत कुणी गुडघ्याचं विचारलं नाही, फक्त पोळीचं विचारलं. हौ, जेवलो. त्यांना काही बोलू नका. आपल्यात तेवढा एकच माणूस आहे ज्याचं वजन अन् हिशोब दोन्ही खरं आहे. मला एकच सांगा. आता मी वाचनालयात जाऊ कसा?"

सभेला हायसं वाटलं. वजन, पुण्य, प्रायश्चित्त हे सगळं बाजूला पडलं आणि समितीला उत्तर देता येईल असा प्रश्न पुढे आला. त्रिवेणीबाई म्हणाल्या, लिफ्ट बसवावी. त्यावर प्रतापरावांनी एका वाचकासाठी लिफ्ट बसवणं लोकशाहीत बसत नाही असं दाखवून दिलं. मग ते थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि त्यांनी तोंडी ठराव मांडला. तो मला अजून पाठ आहे: "ज्या अर्थी सदस्यांचं वजन खाली येत नाही, त्या अर्थी वाचनालय खाली आणण्यात यावं."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पुस्तकं भांड्यांच्या खोलीत आली आणि पातेली पहिल्या मजल्यावर गेली. तिळगूळ घेऊन सगळे आनंदाने पांगले.

वाचनालय स्वयंपाकघराला लागून आल्यामुळे काही चरित्रांना फोडणीचा वास लागला, पण हणमंतराव रोज येऊ लागले. खुर्ची पुन्हा माझ्यासमोर आली. मला ओरडावं लागेना. दुसरा परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. पुढच्या पौर्णिमेला कुणीतरी उद्यापन काढलं, आणि पातेली आणायला वर कोण जाणार, यावर चर्चा झाली. सहसचिव चार पायऱ्या चढून परत आले. प्रतापरावांना दम लागला. बेत पुढे ढकलण्यात आला. पुढच्या आठवड्यातही ढकलण्यात आला. माघ गेला, फाल्गुन आला, पातेली वर आणि माणसं खाली. मंडळात काहीच शिजलं नाही. होळीला डॉक्टरांच्या काट्यावर हणमंतरावांचे ते सहा किलो गेलेले होते आणि वर आणखी आठ.

जगात एवढं यशस्वी झालेलं दुसरं डायट माझ्या वाचनात नाही. त्याला नाव नाही, त्यात वर्ज्य काही नाही. फक्त पातेलं पहिल्या मजल्यावर ठेवायचं असतं.

गुडघा चैत्रात बदलला. हणमंतराव आता काठीवाचून येतात, आणि मध्येच जिना चढून वर जाऊन येतात. वर काही नाही, पातेलीच आहेत. पण ते चढतात, आणि वरून मला हाक मारतात, "वसंतराव, वाचा आता मोठ्यानं."

मंडळाने या यशाची दखल घेतली. एवढे महिने सभागृहात एकही पंगत उठली नाही, ही चिंतेची बाब असल्याचं वार्षिक सभेत सर्वांनी मान्य केलं, आणि इमारतीत लिफ्ट बसवण्याचा ठराव झाला. ती नुकत्याच झालेल्या दसऱ्याला सुरू झाली. तिच्यात माणसांनी चढू नये, अशी पाटी आहे. ती पातेल्यांसाठी आहे. यंदाच्या उपक्रमाची उद्यापनं आता वेळेवर होत आहेत.

हे सगळं मी नीट सांगितलं की नाही, याबद्दल मला शंका आहे. पण एका गोष्टीबद्दल नाही. हा दिवाळी अंक आपल्याकडून परत आला की मी तो पानं उलटून पाहीन. पाककृतींची पानं कोरी असतील. हे पान मात्र मी उजेडाकडे धरीन. आपण आता ज्या हाताने ते उलटणार आहात तो शेजारच्या बशीतून नुकताच आला आहे, आणि बोटं पुसली तरी फरक पडत नाही; डाग कागदात आतून पसरतो. संकोच करू नका. बशीत चिवडा उरला असेल तर तोही संपवून टाका. डायटवरचा लेख वाचताना खाल्लेलं धरत नाहीत. कुणी विचारलंच तर माझं नाव सांगा. ग्रंथात आहे.